एक शब्द, जेवणानंतर

डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुस्स फुस्स करून फुगवला, सोडला, आकडा बघितला आणि पुन्हा फुगवला. दुसऱ्यांदा फुगवला की समजावं, पहिला आकडा त्यांना आवडलेला नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत ते म्हणाले, "गोळी देतोच. पण तुम्ही जरा शांत राहायला शिका. रोज वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि एखादा शब्द मनात म्हणत राहायचं."

"कोणता?"

"कोणताही. देवाचं नाव घ्या, मंत्र घ्या. तुम्हाला बरा वाटेल तो."

घोळ झाला तो इथं. गोळीचं कसं व्यवस्थित असतं. नाव ठरलेलं, सकाळी अर्धी की एक ते ठरलेलं, जेवणाआधी की नंतर तेही ठरलेलं. 'कोणतीही घ्या, बरी वाटेल ती' असं गोळीबद्दल म्हणाले असते, तर मी त्याच दिवशी डॉक्टर बदलला असता. शब्दाबद्दल म्हणाले म्हणून मान डोलावून घरी आलो.

माझी एकतीस वर्षं हिंगोलीच्या एका सरकारी कचेरीत गेली आहेत. मी चिकटलो तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला आणि मी खुर्चीवरून न उठता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात सरकलो. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी हालचाल तीच. तर आमच्या कचेरीत झाडू घ्यायचा असला तरी तीन दरपत्रकं मागवावी लागतात. त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, तो वर पाठवायचा, आणि वरून तो 'चर्चा करा' असा शेरा घेऊन खाली येतो. असल्या माणसाला कुणी 'कोणताही' असं सांगतं का? मी तक्ता आखायला घेतला. रकाने असे : मंत्राचं नाव, अक्षरं, एका वेळेला लागणारे सेकंद, अटी, शिफारस करणारा, शेरा.

पहिलं दरपत्रक मेहुण्याचं आलं. तो दत्तभक्त. "दाजी, विचार कशाला करायलात? टेंबे स्वामींचा 'दिगंबरा' धरा, डोळे झाकून." मी मोजलं. अठरा अक्षरं, पण 'दिगंबरा' तीनदा येतो, म्हणजे पाठांतराला सोपा. त्याला चाल आहे, आणि ती एकदा डोक्यात शिरली की बाहेर पडत नाही. मी दोन दिवस म्हणून बघितला. तिसऱ्या दिवशी साहेबांसमोर फाइल ठेवताना तोंडातून चाल निघाली. साहेब म्हणाले, "काय हो, नाचताय का?" शेरा : कार्यालयीन वेळेत अडचणीचा.

दुसरं शेजारच्या गुरुजींचं. गुरुजी वारकरी, निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "रामकृष्णहरी. विषय संपला. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात हाच मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार." मी एकदम खूश. सहा अक्षरं, तिथी आहे, वार आहे, देणारे सक्षम अधिकारी आहेत. जावक क्रमांक तेवढा नाही. पण गुरुजींनी शेवटी एक वाक्य जोडलं, "मात्र शांत वाटावं म्हणून म्हणू नका. त्याच्यासाठी नसतो तो." मग कशासाठी असतो, हे विचारायच्या आत ते मळ्यात निघून गेले. अटींच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून टिंब टिंब टाकली.

तिसरं आत्याचं. ती गोंदवलेकर महाराजांची. तेरा अक्षरी राममंत्र. "रामदासांनी टाकळीला बारा वर्षं राहून तेरा कोटी केला, तुला वीस मिनिटं होईना?" असं तिनं फोनवरच झापलं. परंपरेनं सांगितलेला हा आकडा ऐकून मला राहवेना. कारकुनाला आकडा सांगू नये, तो भागाकार करतो. एका जपाला दोन सेकंद धरले, तरी वीस मिनिटांत होतात सहाशे. रोज सहाशेनं तेरा कोटी व्हायला लागतात ५९३ वर्षं. मी निवृत्त व्हायला राहिलीत चार. उलट बाजूनं काढलं, तर समर्थांचे रोजचे तीस हजारांच्या आसपास होतात, म्हणजे साडेसोळा तास. उरलेल्या साडेसात तासांत स्नान, भिक्षा, झोप आणि सूर्यनमस्कार. मी आत्याला हा हिशेब कळवला. ती म्हणाली, "तू मोजूच नको, तू मेलास तरी मोजत बसशील."

कचेरीतल्या शिपायानं शेगावचं नाव काढलं. गजानन महाराजांचं 'गण गण गणात बोते' तो येता-जाता म्हणतोच. नऊ अक्षरं. "अर्थ काय रे?" म्हटलं, तर म्हणाला, "अर्थ लागतोय कशाला साहेब? आपण परिपत्रकं अर्थ बघून का फाइलला लावतो?" याला उत्तर नव्हतं. हेडक्लार्कांना एका स्वामींकडून मंत्र मिळालेला आहे, असं अख्ख्या कचेरीला ठाऊक आहे, पण तो गुप्त. मी तक्ता दाखवला, विनंती केली, चहा पाजला. ते नुसते हसले. त्यांच्या रकान्यात मी 'माहिती अप्राप्त' असं लिहिलं. नुसता नकार असता तर सोडून दिलं असतं, पण त्या हसण्यामुळं मला त्याच मंत्राची सगळ्यात जास्त ओढ लागली.

मुलगा पुण्याला असतो, त्याचं काम संगणकावर. त्यानं रात्री फोनवर सांगितलं, "बाबा, देवाचं नाव नको असेल तर ऑप्शन आहे. अमेरिकेत हार्वर्डचे डॉक्टर होते, हर्बर्ट बेन्सन. ध्यान करणाऱ्या लोकांना त्यांनी यंत्रं लावून मोजलं. १९७५ साली पुस्तक काढलं. ते म्हणतात, शब्द कोणताही चालतो, नुसता 'वन' म्हणालात तरी चालेल. श्वास सोडला की वन."

हे मला पटलं. अक्षरं दोन, अट नाही, गुरू नाही, संप्रदाय नाही. फक्त इंग्रजी नको म्हणून मी मराठी करून घेतलं. सकाळी पाटावर बसलो, डोळे मिटले. श्वास सोडला, एक. श्वास सोडला, एक. तिसऱ्या श्वासाला आपोआप दोन आलं. पुन्हा सुरुवात केली. एक. एक. दोन. तीन. मी थांबलो तेव्हा चौसष्टावर होतो आणि पुढं काय मोजतोय ते न कळून घाबरा झालो होतो. आयुष्यभर बिलं मोजलेल्या माणसाच्या डोक्यात 'एक' एकटा राहतच नाही, त्याला सोबत लागते.

आणि मुळात 'एक' हा शब्दच आमच्या घरात चालत नसे. माझे वडील मोंढ्यात मापाडी होते. धान्याचं पहिलं माप पडलं की 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. पहिल्या मापाला मोजणीत धरायचं पण नुसता आकडा म्हणून नाही, अशी ती रीत. हार्वर्डला मोंढा नसावा.

तक्ता पंधरा दिवस चालला. रोज रात्री ही विचारायची, "ठरला का शब्द?" मी म्हणायचो, "बघू."

मग मेहुण्यानं मशीन आणलं. जपमाळेऐवजी हल्ली हे निघालंय, देवळाबाहेरच्या दुकानात पेढ्यांच्या शेजारी टांगलेलं असतं. बोटात अंगठीसारखं अडकवायचं. हिरवं प्लॅस्टिक, पाच आकड्यांची खिडकी, एक मोठं बटण आणि बाजूला एक बारीक. मोठं दाबलं की 'टक्' करून आकडा वाढतो. बारीक दाबलं की सगळं शून्य. माझ्या शब्दाचा पत्ता नव्हता, पण तो मोजायची सोय झाली. आमच्याकडं बऱ्याच योजनांचं असंच होतं.

पहिल्याच दिवशी बहिणीचा नातू आला आणि कार्टून बघत बघत त्यानं मशीनवर २,९१७ केले. आता हे कुणाच्या खात्यावर? मेहुणा म्हणाला, पोरगं निष्पाप आहे, त्याला पुण्य लागणार. बहीण म्हणाली, मशीन दादाचं आहे, दादाला. आत्या फोनवर म्हणाली, तोंडानं काय म्हणत होता ते विचारा. विचारलं. तो एका मांजराचं नाव घेत होता.

पुढच्या रविवारी हिनं ते मशीन शून्यावर आणून स्वतःच्या बोटात घातलं. मला वाटलं, हिलाही नाद लागला. सकाळी चहा झाला, पेपर झाला, भाजीवाला येऊन गेला, नळाच्या माणसाचा फोन झाला, आणि जेवायला बसताना हिनं हात पुढं केला. ४३.

"कशाचे?"

"तुमच्या 'बघू'चे. जप तर चालूच आहे की तुमचा. अजून कोणता पाहिजे?"

मी म्हणालो, "बघू." टक्. ४४.

आता एक कबूल करून टाकतो. खरा शब्द कोणता, याची परीक्षा माझी आधीच होऊन गेली होती, आणि मी नापास झालो होतो. २०२४ च्या १० जुलैला सकाळी सातच्या सुमाराला आमच्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. भांडी वाजली, पंखा झुलला. शेजारचे गुरुजी 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत अंगणात आले. ही 'नागनाथा' म्हणत देवघराकडं धावली. आणि माझ्या तोंडातून, शास्त्रपुराणं ऐकून वाढलेल्या माणसाच्या तोंडातून, काय निघालं? "अगं, गॅस बंद कर!" वाल्या कोळ्याला 'राम' म्हणता येईना तर तो 'मरा मरा' म्हणत तरला. अजामिळानं मरताना धाकट्या पोराला हाक मारली, पोराचं नाव नारायण निघालं, म्हणून यमदूत परत गेले. आमच्या आजोबांच्या पिढीनं यातून धडा घेऊन घरभर गोविंद, माधव, केशव, नारायण करून ठेवले होते, की शेवटच्या घटकेला कुणालाही हाक मारली तरी काम व्हावं. पण गॅस बंद करून कुणी वैकुंठाला गेल्याचं कोणत्याच पुराणात नाही.

"तुमचं इथं बसून काही ठरायचं नाही," ही म्हणाली. "औंढ्याच्या नागनाथाला जाऊ. तिथं जो शब्द तोंडात येईल तो देवानं दिला असं समजायचं."

तक्त्याची फाइल तशीही फुगली होती. मी हो म्हणालो. दिवस हिनं निवडला. श्रावणातला सोमवार. मनःशांतीसाठी यापेक्षा गर्दीचा दिवस पंचांगात एकच आहे, तो महाशिवरात्र.

हिंगोलीहून औंढा पंचवीसेक किलोमीटर. एसटीतून उतरलो तेव्हा रांगेचं शेपूट तटबंदीच्या बाहेर आलेलं होतं. माझ्या बोटात मशीन, खिशात तक्त्याची घडी, हिच्या हातात बेलाची पुडी. रांगेत पाय ठेवला आणि पहिला आवाज कानावर पडला, "सरका, पुढं सरका."

रांगेत विचार करायला वेळ भरपूर मिळतो. मी सुरुवातीपासून सुरुवात केली. हे दारुकावन. दारुका नावाची राक्षसीण होती आणि तिला पार्वतीचा वर होता, की ती जाईल तिकडं तिचं जंगलही तिच्याबरोबर जाईल. पुढं देवांनी पिटाळल्यावर ती अख्खं जंगल घेऊन समुद्रात गेली. आता यावरून लोक भांडतात. नागेशाचं ज्योतिर्लिंग औंढ्याचं खरं, की गुजरातेत द्वारकेजवळचं, की उत्तराखंडातल्या जागेश्वरचं? मला यात भांडणाचं काही दिसत नाही. जंगलच जर सरकणारं, तर मोजणीच्या वेळी ते जिथं उभं असेल तिथला सातबारा. आमच्या वेळी ते औंढ्यात होतं.

याच वनात सुप्रिय नावाचा वैश्य होता, शिवभक्त. दारुकाच्या नवऱ्यानं त्याला माणसांसकट पकडून कैदेत टाकलं. कैदेत त्यानं काय केलं, तर बरोबरच्या सगळ्या कैद्यांना 'नमः शिवाय' शिकवलं. पाच अक्षरं. ॐ लावला तर सहा, यावर लेखापरीक्षण आक्षेप घेऊ शकतं. राक्षस मारायला आला आणि शंकर प्रकट झाले, तोच हा नागनाथ. ही कथा मी लहानपणापासून ऐकतोय, पण त्या दिवशी रांगेत पहिल्यांदा लक्षात आलं, की कैद्यांपैकी एकानंही 'माझ्या प्रकृतीला कोणता मंत्र बरा?' असं विचारलं नव्हतं. समोर सुप्रिय होता, तो म्हणत होता ते त्यांनी म्हटलं. तुरुंगात दरपत्रकं कुठून आणणार?

"सरका ना वो काका. पुढं मोकळंय तेवढं." मागून एक पोरगा.

सरकलो. आता देवळाची भिंत दिसायला लागली. खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवांच्या काळातला, हत्तींची रांग आणि मूर्तींची एवढी दाटी की तिथंही श्रावण सोमवारच चालू असावा. वरचा भाग नंतरचा, पांढरा. औरंगजेबाच्या काळात देऊळ पाडलं गेलं आणि अहिल्याबाईंनी पुन्हा उभं केलं असं सांगतात. दगडी धोतरावर कुणी पांढरा सदरा घालावा तसं ते दिसतं. आवारात एक पायविहीर आहे, तिला सासू-सुनेची बारव म्हणतात. ही तिच्याकडं बघत म्हणाली, "दोघींची एक बारव. म्हणजे पाणी कमी आणि 'सरका'च जास्त झालं असणार."

तो शब्द तिच्याही तोंडी आला, हे मी टिपून ठेवलं.

आमच्या जिल्ह्यात नामदेवांचं नाव माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही. नरसी आमचीच. १२७० चा त्यांचा जन्म. त्यांच्याकडं शब्द नव्हता असं कोण म्हणेल? विठ्ठलाशी बोलायचे, विठ्ठलाबरोबर जेवायचे. तरी तेरला संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारत निघाले, मडकं भाजलंय की कच्चं ते बघायला, आणि नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला, कच्चं. मग गुरू शोधत ते इथं आले, याच देवळात. आत बघतात तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून आडवा पडलाय. विसोबा खेचर. नामदेवांनी काय म्हणावं? तेच. पाय सरकवा. विसोबा म्हणाले, "मला होत नाही बाबा. जिथं देव नाही तिथं तूच सरकव." नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तिथं पिंड. दुसरीकडं ठेवले, तिथंही पिंड. किती वेळा सरकवले असतील कोण जाणे, पण मडकं भाजून निघालं.

दुसरी कथा तर त्याहून सरस. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांना अडचण झाली. ते म्हणाले, इथून सरका, मागं जाऊन काय गायचं ते गा. नामदेव सरकले, मागं जाऊन गायला लागले. आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. नंदी बिचारा होता तिथंच राहिला. आजही औंढ्याचा नंदी देवळाच्या पाठीमागं बसलेला आहे, कारण त्याला सरका असं कुणी सांगितलंच नाही. मला त्या नंदीबद्दल नेहमी आपुलकी वाटते. बदलीची ऑर्डर न मिळालेला कर्मचारी तो.

मी हिशेब केला. राक्षसिणीचं जंगल सरकलं. विसोबांचे पाय सरकले. नामदेव सरकले, देऊळ सरकलं. आणि आज सकाळपासून मीसुद्धा एका तासात साधारण चाळीस फूट सरकलो होतो.

मागचा पोरगा बी.एस्सी.चा निघाला. माझं पुटपुटणं ऐकून म्हणाला, "काका, आपल्या दुधाळ्याचं माहीत नाही का? तिथंबी तेच." मग रांगेतच त्यानं मला लायगो शिकवलं. औंढ्याजवळच्या दुधाळा शिवारात मोठी वेधशाळा होतेय. २०१६ साली तत्त्वतः मंजुरी, २०२३ साली २,६०० कोटी. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, काटकोनात. नळीच्या टोकाला आरसा. कुठंतरी आकाशात कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्याची लाट इथवर येते आणि तो आरसा सरकतो.

"किती?"

"प्रोटॉनच्या जाडीचा दहा हजारावा भाग. त्याच्यापेक्षाही कमी बघतेत."

मी म्हटलं, आमच्या कचेरीत फाइल साधारण तेवढीच सरकते.

अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत. २०१५ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा आरसा खरोखर सरकलेला त्यांनी पकडला. पण एवढं नाजूक यंत्र म्हणजे त्याला शांतता लागते. ट्रक गेला, झाड पडलं, वारा सुटला, सगळं त्यात उमटतं. तिकडच्या एका वेधशाळेत काही तरी टकटक ऐकू यायला लागली, म्हणून शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तर डोमकावळे बाहेरच्या नळीवर साचलेला बर्फ चोचीनं फोडून खात होते. म्हणून जागा निवडायची तर जमीन शांत पाहिजे. देशभर शोधून शोधून आपल्याकडच्यांनी आमचं औंढा निवडलं.

मला जरा भरून आलं. म्हणजे तीन दरपत्रकं मागवून, तुलनात्मक तक्ता करून, शांततेसाठी सरकारनं जी जागा निवडली, तिथं मी उभा होतो. माझ्या पुढं चारशे आणि मागं सहाशे माणसं होती, ढोल वाजत होता, एका बाळानं माझ्या सदऱ्यावर पेढा चोळला होता, ते सोडा. जमीन शांत होती.

गाभारा खाली आहे. अरुंद, उभ्या पायऱ्या उतरून वाकत, जवळजवळ बसत जावं लागतं. उतरणारा आणि चढणारा यांच्यात तिथं जो व्यवहार होतो, त्याला दर्शन म्हणावं की कुस्ती, हे ज्याच्या त्याच्या अंगकाठीवर अवलंबून. माझ्यापुढचे गृहस्थ माझ्याइतकेच रुंद होते. आम्ही दोघं पायरीवर अडकलो. मशीनचा हात भिंतीला, दुसरा हात त्यांच्या खांद्याला. हिनं मागून ढकललं. खाली पोचलो.

पिंडीभोवती माणसं दाटून बसलेली. बेल, दूध, ओली फरशी, उदबत्तीचा धूर. इथं जो शब्द तोंडात येईल तो आपला, असं ठरलं होतं. मी डोळे मिटले. एकही शब्द नाही. दिगंबरा गेला, रामकृष्णहरी गेला, पाच अक्षरं, सहा अक्षरं, तेरा अक्षरं, सगळी गेली. एवढा मोठा तक्ता आणि आत कोरा कागद. हात पुढं केला तर पिंडीपर्यंत पोचेना. मध्ये एक बाई डबा उघडून बेलाची पानं एकेक करून वाहत होत्या, सावकाश, जणू श्रावण त्यांच्या एकटीचा होता. मागून पुजाऱ्यांचा आवाज, "चला, चला." आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला, मोठ्यानं, अगदी पोटातून.

"ताई, जरा सरका!"

ताई सरकल्या. माझी बोटं पिंडीला लागली. गार लागलं. तेवढ्यात मीही सरकवला गेलो.

वर आल्यावर हिनं विचारलं, "आला का शब्द?"

मी सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "चहा घेऊ." चहा पिताना मी मशीन बघितलं. पायऱ्यांच्या झटापटीत बारीक बटण दाबलं गेलं होतं. माझे 'बघू', मधले मेहुण्यानं नमुन्यादाखल केलेले, सगळं धुऊन निघालेलं. पाच शून्यं. मी ते बोटातून काढून वरच्या खिशात टाकलं.

परतीच्या एसटीत रुमाल टाकून खिडकी मिळवली. ही शेजारी. बस सुटता सुटता एक आजी चढल्या, काखेत गाठोडं. तीन माणसांच्या बाकावर आमची दोन बघून त्या काही न बोलता टेकल्या आणि म्हणाल्या, "सरका बरं बाबा थोडं." ही सरकली, मी सरकलो, खिडकीची दांडी खांद्यात रुतली. गाठोडं कुठं ठेवायचं? ते हातोहात माझ्या मांडीवर आलं, छातीला टेकलं. गाडीनं खड्डा घेतला. खिशात काही तरी वाजलं. टक्.

"काय वाजलं वो?" आजींनी विचारलं.

मी गाठोड्याखालून कसंबसं मशीन काढलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं.

"मोजायचं मशीन हाय जनू. किती झालं?"

"एक."

"एक म्हणू नाही, बाबा," आजी मशीन माझ्या हातात परत देत म्हणाल्या. "लाभ म्हणावं. आन् अजून जरा सरका तिकडं."